डेटाबेस करप्ट झालाय? आधी कॉपी, मग दुरुस्ती

डेटाबेस करप्ट झाला म्हणजे सगळा डेटा गेला, असं बहुतेक वेळा नसतं. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम आपली फाइल 8 केबीच्या पानांमध्ये मांडतो. 2 जीबीच्या फाइलमध्ये अशी 2,62,144 पानं होतात. त्यातलं एखादं मोक्याचं पान बिघडलं तरी बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडायला तयार होत नाही, पण बाकीची पानं जागेवर असतात आणि धड असतात. खरं नुकसान होतं ते पुढच्या तासाभरात. कोणी मशीन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करतं, कोणी व्हिडिओ बघून फाइल डिलीट करतं, कोणी दिसेल ते रिपेअरचं बटण दाबतं. ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांची ही कामं करताना मला मूळ बिघाडापेक्षा घाईच्या दुरुस्तीत गेलेला डेटाच जास्त दिसतो. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिच्या कॉपीतून जे वाचता येतं ते बाहेर काढायचं आणि कोऱ्या डेटाबेसमध्ये भरायचं.

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप, नौपाड्यातलं सीएचं ऑफिस, रबाळे-महाप्याचा छोटा कारखाना, वाशीच्या एपीएमसीतला गाळा, अशा जागा डोळ्यासमोर ठेवून मी लिहितोय. तिथे सर्व्हर रूम नसते. काउंटरखालचा एक पीसी हाच सर्व्हर असतो आणि आयटीवाला फोनवर असतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं स्पेलिंग वापरा.

पहिला अर्धा तास

सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा. नेटवर्कवरची बाकीची मशीन त्या डेटाबेसपासून तोडा. स्क्रीनवरच्या एररचा फोटो काढा, पूर्ण मजकूर आणि नंबरासकट. "काहीतरी लाल आलं होतं" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही, आणि तोच मेसेज परत येईल याची खात्री नसते. एररमध्ये फाइलचं नाव आणि पानाचा नंबर असेल तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं.

रिस्टार्ट करू नका. डेटाबेस सर्व्हिस सुरू होते तेव्हा ती अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण करायला किंवा मागे घ्यायला बघते, म्हणजे फाइलमध्ये लिहिते. एरवी हे योग्यच आहे, पण डिस्क मरायला टेकली असेल तर प्रत्येक रिस्टार्ट महागात पडतो. विंडोजचं चेक डिस्कही आत्ता चालवू नका. ते फाइल सिस्टिम सुसंगत करायला बघतं, तुमचा डेटा वाचवायला नाही. गोंधळलेले तुकडे ते फाउंड डॉट शून्य शून्य शून्य अशा फोल्डरमध्ये टाकून मोकळं होतं.

आणखी एक शक्यता आधीच तपासा. फाइलींची नावं किंवा एक्स्टेन्शन बदललेली दिसत असतील आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी टेक्स्ट फाइल असेल, तर हे करप्शन नव्हे, रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. नेटवर्कची वायर काढा, काहीही पुसू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2016 साली सुरू झालेल्या नो मोअर रॅन्सम या उपक्रमाच्या साइटवर त्या जातीच्या रॅन्समवेअरची मोफत चावी मिळते का तेही बघा. खालच्या पायऱ्यांचा तिथे उपयोग नाही.

डिस्क धड आहे का

फाइल कॉपी करण्याआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत टूलमध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दिसते. रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी महत्त्वाच्या. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल, तर तिथलं काहीतरी वाचायला डिस्कला जमत नाहीये.

अशा डिस्कवरून साधं कॉपी-पेस्ट करू नका. विंडोज त्याच खराब जागेवर अडून राहतं आणि डिस्कला आणखी दमवतं. लिनक्सच्या बूटेबल पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचून काढणारं टूल चालवा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. कुठवर आलं याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. संपूर्ण डिस्कची इमेज दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करा.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. ते काम रिकव्हरी लॅबचं. देण्याआधी गोपनीयतेचा करार लेखी घ्या, कारण त्या डिस्कवर तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर आणि बँक खात्यांचे तपशीलही असतात.

कॉपी कशी घ्यायची

डिस्क धड असेल तर डेटाबेस सर्व्हिस नीट बंद करा आणि पूर्ण फोल्डर कॉपी करा. नुसती मुख्य फाइल पुरत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एमडीएफ या डेटाच्या फाइलबरोबर एलडीएफ, म्हणजे व्यवहारांच्या लॉगची फाइल, हवी. मायएसक्यूएलमध्ये अख्खी डेटा डिरेक्टरी हवी. प्रत्येक टेबलची आयबीडी फाइल आणि सामाईक आयबीडेटा1 यांची जोडी असते, एकीशिवाय दुसरी जवळजवळ निरुपयोगी. एसक्यूलाइटमध्ये डेटाबेसच्या नावापुढे वॉल किंवा जर्नल जोडलेली फाइल दिसली तर ती सोन्यासारखी जपा. शेवटच्या काही नोंदी मुख्य फाइलमध्ये पोचलेल्या नसू शकतात, त्या वॉलमध्येच असतात. "ही टेम्पररी फाइल दिसतेय" म्हणून ती पुसली की त्या नोंदी कायमच्या गेल्या. मुख्य फाइलचं नाव बदलून सोबतच्या फाइलचं तसंच ठेवलं तरी जोडी तुटते.

कॉपी झाल्यावर मूळ फाइल आणि कॉपी, दोन्हींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिलच्या हॅशफाइल पर्यायाने एसएचए256 मिळतो. जुळला की पहिली कॉपी रीड-ओन्ली करून पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवून द्या. तिला पुन्हा उघडायचं नाही. अशीच दुसरी कॉपी कामासाठी घ्या, आणि ती शक्यतो दुसऱ्या मशीनवर, डेटाबेसच्या त्याच व्हर्जनमध्ये उघडा. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या व्हर्जनने फाइल एकदा उघडली की तिची रचना वर चढते आणि जुन्या व्हर्जनला ती परत उघडता येत नाही.

एसक्यूएल सर्व्हर: एका पानाची गोष्ट

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक छोट्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे त्याची मोफत आवृत्ती, असतो आणि डेटा सर्वात जास्त वाचवता येतो तोही इथेच.

तीन एरर नंबर लक्षात ठेवा. 823 म्हणजे विंडोजलाच डिस्कवरून वाचता आलं नाही. 824 म्हणजे वाचता आलं, पण पानाचा चेकसम (मजकूर तपासायचा आकडा) जुळत नाही किंवा पान अर्धवट लिहिलेलं आहे. 825 म्हणजे वाचन लगेच जमलं नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं. हा तिसरा नुसता माहितीवजा मेसेज म्हणून लॉगमध्ये पडतो आणि कोणी बघत नाही. खरं तर डिस्क बदलायची हीच वेळ असते.

डेटाबेस सस्पेक्ट, म्हणजे बिघडल्याचा संशय असलेला, दाखवत असेल तर त्याला डिटॅच करू नका, म्हणजे सर्व्हरपासून सोडवू नका. डिटॅच केलेला बिघडलेला डेटाबेस परत जोडताना सर्व्हर नकार देतो. मूळ मशीनवर रिकव्हरी मॉडेल (व्यवहारांचा लॉग किती सांभाळायचा याची सेटिंग) फुल असेल आणि लॉगचे बॅकअप आधीपासून होत असतील, तर सर्वात आधी नो ट्रंकेट पर्यायाने लॉगच्या शेपटीचा बॅकअप घ्या. मग जुना फुल बॅकअप आणि त्यावर लॉग चढवून अगदी शेवटच्या नोंदीपर्यंत येता येतं, आणि दुरुस्तीची गरजच उरत नाही. एक्सप्रेसवर मात्र मॉडेल बहुधा सिंपल असतं, त्यामुळे पुढची वाट धरावी लागते.

कामाच्या मशीनवर त्याच नावाचा, त्याच फाइल-नावांचा कोरा डेटाबेस बनवा, सर्व्हिस थांबवा, फाइली बदलून आपल्या ठेवा, सर्व्हिस सुरू करा. तरीही सस्पेक्ट दाखवला तर ऑल्टर डेटाबेसने इमर्जन्सी मोडमध्ये टाका. त्या मोडमध्ये फक्त ॲडमिनला, फक्त वाचायला मिळतं. आपल्याला तेवढंच हवं आहे. आता डीबीसीसी चेकडीबी चालवा, नो इन्फोमेसेजेस आणि ऑल एररमेसेजेस हे दोन्ही पर्याय लावून. आउटपुट फाइलमध्ये ठेवा.

त्या आउटपुटमध्ये इंडेक्स आयडी शोधा. 2 किंवा त्याहून मोठा असेल तर बिघाड नॉनक्लस्टर्ड इंडेक्समध्ये आहे. तो म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची. मूळ मजकूर शाबूत असतो. इंडेक्स ड्रॉप करून पुन्हा बनवला की एकही नोंद न जाता काम संपतं. आयडी 0 किंवा 1 असेल तर खुद्द डेटाचं पान गेलंय.

समजा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला गाळा आहे. पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशोबाचं, टेबल पट्टी नंबरवर लावलेलं आहे: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गोणी, वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं. त्या टेबलातलं एक पान बिघडलंय. पूर्ण टेबल एका दमात सिलेक्ट केलं तर त्या पानावर येऊन क्वेरी तुटते. म्हणून पट्टी नंबरच्या चढत्या क्रमाने कोऱ्या डेटाबेसमध्ये ओळी भरत जा, जिथे अडतं तिथला नंबर लिहून ठेवा. मग उतरत्या क्रमाने शेवटाकडून या. समजा खालून 41,259 पर्यंत आणि वरून 41,319 पर्यंत सगळं आलं. म्हणजे मधल्या 59 पट्ट्या अडकल्या. लाखभर पट्ट्यांच्या टेबलात प्रश्न एवढ्यापुरता उरला.

आता या 59. शेतकऱ्याचं नाव आणि तारीख यांवर वेगळा नॉनक्लस्टर्ड इंडेक्स असेल, तर त्या इंडेक्सच्या पानांवर नाव, तारीख आणि पट्टी नंबर यांची स्वतंत्र नक्कल आहे, कारण टेबल ज्यावर लावलेलं असतं ती क्लस्टर्ड की (इथे पट्टी नंबर) प्रत्येक नॉनक्लस्टर्ड इंडेक्स सोबत वागवतो. क्वेरीत इंडेक्स हिंट देऊन फक्त तेवढेच कॉलम मागा. सर्व्हर बिघडलेल्या पानाकडे न जाता इंडेक्समधूनच उत्तर देतो. 59 पट्ट्यांची नावं आणि तारखा अशा हातात येतात.

मग जुना बॅकअप काढा, दोन महिन्यांपूर्वीचा असला तरी. तो वेगळ्या नावाने रिस्टोअर करा आणि त्यात हेच नंबर शोधा. लोक जुना बॅकअप "काय उपयोगाचा" म्हणून बाजूला टाकतात, पण बिघडलेलं पान गेल्या वर्षीच्या पट्ट्यांचं असेल तर त्या ओळी त्यात जशाच्या तशा मिळतात. पट्टी एकदा शेतकऱ्याला दिली की तिच्यात बदल होत नाही. नवा डेटा करप्ट फाइलमधून, जुना बॅकअपमधून, अशी सांगड घालायची.

तरीही काही राहिलंच तर कागद. पट्टीबुकाची कार्बन कॉपी, गाडीची गेटवरची नोंद, खरेदीदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट. वर्कशॉप असेल तर जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-1 मध्ये बी-टू-बी बिलांचे नंबर आणि रकमा मिळतात. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्यामुळे गाळ्याला हा आधार नाही. तिथे पट्टीबुकच कामाला येतं.

मराठी नावांची काळजी घ्या. हाताने ओळी भरताना देवनागरी मजकुराच्या अवतरणचिन्हापुढे एन हे अक्षर लावलं नाही, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. हे लक्षात येईपर्यंत मूळ नाव कुठेच उरलेलं नसतं.

रिपेअर अलाउ डेटा लॉस हा पर्याय या सगळ्यानंतर, तिसऱ्या एका कॉपीवर. त्याच्या नावातच काय होणार ते लिहिलेलं आहे: तो बिघडलेलं पान सोडून देतो, त्यावरच्या सगळ्या ओळींसकट. त्याला टेबलांमधली नातीही कळत नाहीत, म्हणून नंतर डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स चालवावंच लागतं.

मायएसक्यूएल आणि झॅम्प

झॅम्प या मोफत पॅकेजमध्ये मायएसक्यूएल हा डेटाबेस हिरवा होऊन लगेच बंद पडतो, तेव्हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे आयबीडेटा1 आणि लॉग फाइली उडवा. सेवा सुरू होते खरी, पण इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या प्रकारातलं प्रत्येक टेबल "अस्तित्वात नाही" म्हणतं. हा सल्ला ऐकू नका. आधी एरर लॉग वाचा. पोर्ट 3306 दुसऱ्या कोणी धरलाय किंवा डिस्क भरलीय, एवढंच कारण असतं कधी कधी.

खरंच इनोडीबीचं पान बिघडलं असेल तर कामाच्या कॉपीवर, माय डॉट आयएनआय फाइलमध्ये इनोडीबी फोर्स रिकव्हरी 1 ठेवून सुरू करा. नाही झालं तर 2, मग 3. या पातळ्यांवर वाचन तुलनेने सुरक्षित असतं. 4 आणि त्यापुढे डेटा फाइलींचं कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि 6 तर लॉग पुढे चालवायचंच सोडून देतो. म्हणून मी वर सांगितलं की पहिली कॉपी उघडायची नाही.

सुरू झाल्याबरोबर एकेक टेबल वेगळं डंप करा, म्हणजे टेक्स्ट फाइलमध्ये काढा. अख्खा डेटाबेस एकदम डंप केला तर एका खराब टेबलापायी बाकीची मागे राहतात. मायएसक्यूएल डंपला व्हेअर पर्याय आहे. अडणारं टेबल आयडीच्या टप्प्यांत काढा, गाळ्याच्या उदाहरणासारखंच. प्रत्येक फाइलची शेवटची ओळ बघा: डंप कम्प्लीटेड असं लिहिलेलं नसेल तर ती अर्धवट आहे. पॉवरशेलमधून बाणाच्या चिन्हाने आउटपुट फाइलमध्ये वळवू नका, ते यूटीएफ-16 मध्ये जातं आणि परत लोड होत नाही. रिझल्ट फाइल हा पर्याय वापरा, कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 ठेवा. मग कोरी डेटा डिरेक्टरी बनवून, फोर्स रिकव्हरीची ओळ काढून, त्यात सगळं भरा.

टेबल जुन्या मायआयएसएएम प्रकारचं असेल तर रिपेअर टेबल चालतं. इनोडीबीला ते लागू नाही.

एसक्यूलाइट, ॲक्सेस, टॅली

दुकानातल्या टॅबवरचं बिलिंग ॲप बहुधा एसक्यूलाइटवर चालतं. प्राग्मा इंटेग्रिटी चेकने बिघाड कुठे ते कळतं. काढण्यासाठी डॉट रिकव्हर ही कमांड वापरा. ती 2019 साली आली, त्यामुळे टूल त्यानंतरचं हवं. कोणत्या टेबलातलं ते न कळलेल्या ओळी ती लॉस्ट अँड फाउंड नावाच्या टेबलात ठेवते, तिथे नक्की डोकवा. जुन्या डॉट डंपने काढलंत तर शेवटची ओळ बघा. वाटेत एरर आली असेल तर ती रोलबॅक म्हणून शेवट करते, आणि फाइल लोड केल्यावर नवा डेटाबेस पूर्ण रिकामा निघतो. त्या जागी कमिट लिहिलं की मिळालेला सगळा डेटा बसतो.

ॲक्सेसची फाइल वायफायवरून शेअर करणारी ऑफिसं अजून खूप आहेत, आणि वायफाय तुटलं की फाइल बिघडते. कॉपीवर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. नाही जमलं तर कोरी फाइल उघडून टेबलं एकेक करून इम्पोर्ट करा. नंतर प्रायमरी की आणि रिलेशनशिप जागेवर आहेत का ते तपासा. दुरुस्तीत त्या गळून पडू शकतात.

टॅलीमध्ये कंपनीचं अंकी नावाचं फोल्डर अख्खं कॉपी करा आणि कॉपीवरच रीराइट करा. ईआरपी 9 मध्ये कंट्रोल-ऑल्ट-आर, प्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून डेटाच्या मेनूतलं रिपेअर. आधी शक्य असेल तर स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमधली व्हाउचरांची संख्या लिहून ठेवा, म्हणजे नंतर ताळा करता येतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस छोट्या ऑफिसात कमी दिसतो. बिघाड फक्त इंडेक्समध्ये असेल तर रीइंडेक्स पुरतं, आणि लिनक्स अपग्रेडनंतर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची अक्षरक्रमवारी बदलल्याने असं होऊ शकतं. पीजी रीसेटवॉल (लॉग कोरा करणारी कमांड) मात्र सर्वात शेवटी, तेही कॉपीवर, आणि त्यानंतर लगेच डंप काढून नव्या क्लस्टरमध्ये.

ताळा

डेटाबेस उघडला म्हणून काम झालं असं समजू नका. प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजा. बिल नंबर किंवा पट्टी नंबर सलग आहेत का, खाडे कुठे आहेत, ते क्वेरीने काढा आणि प्रत्येक खाड्याचं कारण शोधा. काही रद्द केलेली बिलं असतील. महिनावार बेरजा जुन्या छापील रिपोर्टशी किंवा भरलेल्या रिटर्नशी जुळवा. ज्या बिलाला ग्राहकच नाही अशा अनाथ ओळी शोधा. मग रोज एंट्री करणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. मुनीमजींना शेवटच्या दिवशी कोणती गाडी आली, कोणाचं पेमेंट अडलं होतं, हे तोंडपाठ असतं. क्वेरीत न दिसणारी चूक त्यांना पाच मिनिटांत दिसते.

परत होऊ नये म्हणून

नव्या डेटाबेसला जुन्याच डिस्कवर बसवू नका. रॅम मेमटेस्ट86 ने रात्रभर तपासा. खराब रॅम धड डिस्कवरसुद्धा चुकीचं लिहिते. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी दोन मिनिटंही धरत नाही, असं पावसाळ्यात वीज गेल्यावर कळून उपयोग नाही. गणपतीत ऑफिस बंद असताना वायर काढून एकदा बघा. चालू डेटाबेसचं फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. सिंक अर्धवट लिहिलेली फाइल उचलतं.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये एजंट नसतो, म्हणून बॅकअपचं वेळापत्रक आपोआप लागत नाही. एसक्यूएलसीएमडीची छोटी बॅच फाइल बनवून विंडोजच्या टास्क शेड्यूलरला रोज रात्रीची वेळ द्या, बॅकअपला चेकसम पर्याय लावा. एक कॉपी ऑफिसात, एक घरी, एक क्लाउडवर. त्याच पीसीच्या डी ड्राइव्हवरची कॉपी बॅकअपमध्ये धरू नका. तळमजल्यावर पीसी असेल तर तो आणि बॅकअपची डिस्क दोन्ही जमिनीपासून वर ठेवा. 26 जुलै 2005 चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून आदल्या दिवशीचं बिल उघडून बघा.

रीड-ओन्ली केलेली ती पहिली कॉपी काम झाल्यावर पुसू नका. लेबल लावा: कोणत्या तारखेची, कोणत्या सॉफ्टवेअरची, कोणतं व्हर्जन. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे असतात, कंपनी असेल तर 8 आर्थिक वर्षं. निदान तेवढा काळ ती कपाटात राहू द्या. पुढे एखाद्या बिलावर वाद निघाला, किंवा आज न वाचता आलेलं पान वाचणारं टूल आलं, तर हात घालायला तीच फाइल लागते.